मुंग्या घरातून घालवायच्या कशा, आणि परत येऊ नयेत म्हणून काय करायचं

ओट्यावर मुंग्यांची रांग दिसली की हात आपसूक स्प्रेच्या डब्याकडे जातो, नाहीतर ओल्या फडक्याकडे. दोन्ही जरा बाजूला ठेवा. तुम्हाला दिसतायत त्या फक्त अन्न शोधायला बाहेर पडलेल्या कामकरी मुंग्या. राणी, अंडी, अळ्या आणि बाकीचं सगळं बिऱ्हाड भिंतीच्या फटीत, फरशीखाली किंवा खिडकीतल्या कुंडीत सुखरूप असतं. ओट्यावरच्या सगळ्या मुंग्या पुसून काढल्या तरी राणी अंडी घालतच राहते आणि दोन दिवसांत रांग पुन्हा सुरू होते. म्हणून इथे सांगितलेली रीत थोडी उलटी आहे: मुंग्यांना येऊ द्यायचं, खाऊ द्यायचं आणि ते खाणं त्यांच्याच हातून राणीपर्यंत पोचवायचं.

आधी रांग कुठून येते ते शोधा

रात्री स्वयंपाकघर आवरून झाल्यावर दिवा बंद करा आणि अर्ध्या-पाऊण तासाने मोबाइलचा टॉर्च घेऊन जा. रांग साखरेच्या डब्याकडे कुठे चालली आहे ते बघू नका, ते तुम्हाला माहीतच आहे. उलट दिशेने जाणाऱ्या, पोट फुगलेल्या मुंग्यांच्या मागे नजर न्या. मिक्सरच्या मागून, टाइल्सच्या जोडावरून त्या बहुतेक वेळा एखाद्या भोकाशीच जाऊन थांबतात: स्विचबोर्डची कड, सिंकचा पाइप भिंतीत शिरतो ती जागा, ग्रॅनाइट आणि भिंत यांच्यामधली फट, खिडकीच्या चौकटीचा खालचा कोपरा, एसीच्या किंवा केबलच्या वायरीसाठी पाडलेलं भोक. तिथे पेन्सिलीने खूण करा. ते भोक आज बुजवायचं नाही. पुढच्या सगळ्या कामाला तेच दार लागणार आहे.

मुंगी कुठल्या जातीची आहे याचाही अंदाज घ्या, कारण उपाय त्यावर ठरतो. आपल्याकडच्या घरांत नेहमी भेटणाऱ्या साधारण अशा:

- अगदी बारीक, डोकं काळपट आणि पोट इतकं फिकट की पांढऱ्या टाइलवर दिसतच नाही. हिला गोड प्रिय. फ्लॅटमधल्या सिंकपाशी बऱ्याचदा हीच असते.
- बारीक, पिवळसर-तपकिरी. हिला फारो मुंगी म्हणतात. गोड, तेलकट, मांस-मासे, काहीही चालतं. दवाखान्यांतही ही मोठी डोकेदुखी असते.
- काळी, लांब पायांची, रांग न धरता सैरावैरा पळणारी. ही चावून फारसा त्रास देत नाही, पण सगळीकडे असते.
- लाल मुंगी. डंख मारते, आग होते, फोड येतो. घर बहुतेक अंगणात किंवा कुंडीत असतं.
- मुंगळे, म्हणजेच डोंगळे. मोठे, काळे. यांचं वारूळ बहुधा बाहेर झाडाच्या बुंध्याशी असतं, घरात ते पाहुणे म्हणून येतात.

पहिल्या दोन जातींवर स्प्रे मारणं ही सगळ्यात महागात पडणारी गोष्ट. त्यांच्या एका वसाहतीत एक नाही, अनेक राण्या असतात. वरून विषारी मारा झाला की वसाहत फुटते, काही राण्या थोड्या कामकरी मुंग्या घेऊन दुसरीकडे बिऱ्हाड थाटतात, आणि मग ओट्यावरच्या मुंग्या बेडरूमच्या कपाटातही दिसायला लागतात. "पेस्ट कंट्रोल केल्यावर मुंग्या वाढल्या" अशी तक्रार ऐकू येते त्यामागे बरेचदा हेच कारण असतं.

त्यांना आज काय हवंय ते विचारा

एका कागदाच्या तुकड्यावर साखरेच्या पाण्याचा थेंब, दुसऱ्यावर चिमूटभर शेंगदाण्याचं कूट. दोन्ही रांगेजवळ ठेवा आणि तासाभराने बघा. वसाहतीत अळ्या जास्त असतील तर प्रथिनं आणि तेल लागतं, नाहीतर साखर. ज्या कागदावर गर्दी, तसलं आमिष. हा तासभर वाचवायला जाऊ नका. आमिष लावलं पण मुंग्या फिरकल्याच नाहीत, असं झालं तर चव चुकलेली असते.

आमिष तयार करणं

लागतं ते बोरिक ॲसिड, केमिस्टकडे मिळणारी पांढरी बोरिक पावडर. कॅरमची पावडरही पुष्कळदा हीच असते, पण हल्ली काही पुड्यांमध्ये स्टार्च असतो, त्यामुळे केमिस्टकडचीच घ्या. कित्येक घरांत साठवणीच्या तांदळाला बोरिक पावडर चोळतात, म्हणून ती खाण्यातलीच वस्तू आहे असा समज झालेला दिसतो. तसं नाही. पोटात गेली तर ती विषारी आहे, लहान मुलांना तर जास्तच.

गोड आमिषाचं प्रमाण: अर्धा लिटर कोमट पाणी, पाव कप (सुमारे 50 ग्रॅम) साखर आणि सपाट एक छोटा चमचा (4 ते 5 ग्रॅम) बोरिक पावडर. साखर आणि पावडर पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा. म्हणजे साधारण 1 टक्का बोरिक ॲसिड होतं. इथे "थोडं जास्त घालू, लवकर मरतील" हा मोह आवरा, कारण सगळा खेळ उशिरा मरण्यावर आहे. मुंगी हे पाणी पोटातल्या साठवणीच्या पिशवीत भरून घरी नेते आणि तोंडाला तोंड लावून दुसऱ्या मुंग्यांना, अळ्यांना, राणीला भरवते. प्रमाण जास्त झालं की ती वाटेतच मरते, किंवा चव लागून तोंडच लावत नाही.

तेलकट आवडणाऱ्यांसाठी दोन मोठे चमचे शेंगदाण्याचं अगदी बारीक कूट थोड्या तेलात भिजवा आणि त्यात पावडरची छोटी चिमूट नीट मिसळा.

आता मांडणी. बाटल्यांची झाकणं घ्या, त्यात कापसाचा बोळा ठेवा, बोळा त्या पाण्याने भिजवा. झाकण रांगेच्या शेजारी ठेवायचं, रांगेच्या मध्ये नाही, आणि शक्य तितकं पेन्सिलीच्या खुणेजवळ. घरात रांगतं मूल, मांजर किंवा कुत्रा असेल तर जुन्या प्लॅस्टिकच्या डबीला बाजूने बारीक भोकं पाडा, बोळा आत ठेवा, झाकण चिकटपट्टीने बंद करा आणि डबी ओट्याच्या मागे किंवा वरच्या फळीवर ठेवा. तशी जागाच नसेल तर हा उपाय करू नका. उरलेलं पाणी फ्रीजमध्ये ठेवायचं नाही. बाटलीवर मोठ्या अक्षरात "विष" लिहून कुलपात ठेवा. ढवळलेला चमचा पुन्हा स्वयंपाकात नको.

पहिल्या दिवशी मुंग्या वाढतील. कापसाच्या बोळ्याभोवती बारीक डोक्यांचं कडं बसलेलं दिसेल, सगळ्यांची तोंडं आत, आणि जागा नाही म्हणून मागच्या ताटकळतायत. घरातलं कोणीतरी नक्की म्हणेल, हे काय चालवलंय, आणि फडकं घेऊन येईल. त्यांना आधीच सांगून ठेवा. या दिवसांत आमिषाच्या आसपास फिनेल, स्प्रे, खडू काहीही नको. बोळा दर एक-दोन दिवसांनी बदला, आपल्या उकाड्यात साखरेचं पाणी लवकर आंबतं आणि आंबलेल्याला मुंग्या विचारत नाहीत. बाकीचा ओटा मात्र कोरडा आणि स्वच्छ ठेवा. शेजारी गुळाचा खडा पडलेला असताना त्या तुमच्या पाण्याकडे का येतील?

गर्दी तीन-चार दिवसांत ओसरायला लागते. पूर्ण थांबायला आठवडा-दोन आठवडे लागतात, अनेक राण्यांच्या जातींना त्याहून जास्त. रांग थांबल्यावरही झाकणं आणखी थोडे दिवस राहू द्या.

घरी बनवायची खटपट नको असेल तर बाजारात मुंग्यांसाठी तयार जेल मिळतं. वेष्टनावर मुंग्यांचा उल्लेख आहे का ते वाचून घ्या. ठिपका मोहरीएवढा पुरतो, आणि तोही खुणेजवळ.

मग वाट पुसा, दार बंद करा

मुंग्या चालताना वासाचा माग सोडतात आणि पुढची मुंगी तो हुंगत येते. नुसत्या पाण्याने तो पूर्ण जात नाही. भांडी घासायच्या लिक्विडचे काही थेंब टाकलेल्या कोमट पाण्याने किंवा निम्मं व्हिनेगर, निम्मं पाणी करून सगळी वाट पुसा. ग्रॅनाइटवर व्हिनेगर नेहमी वापरू नका, पॉलिश उतरतं. तिथे साबणाचं पाणीच बरं.

यानंतर फटी. टाइल्सच्या जोडांत व्हाइट सिमेंट, सिंकभोवती आणि खिडकीच्या चौकटीला सिलिकॉन सीलंट, पाइपभोवतीच्या मोठ्या भोकाला एम-सील. स्विचबोर्डच्या आत कधीही स्प्रे मारू नका, पेट घेण्याची भीती असते आणि शॉकही बसतो. बोर्डाची कड सैल असेल तर इलेक्ट्रिशियनकडून नीट बसवून घ्या.

आजीच्या उपायांचं काय?

हळद, हिंग, कापूर, लवंग, लिंबाची साल: यांचा वास मुंग्यांच्या मागावर पडतो, त्या गोंधळतात, तासभर किंवा दिवसभर वाट बदलतात. पाहुणे यायच्या आत ओटा मोकळा हवा असेल तर हळदीची रेघ उपयोगी आहे. वसाहत त्याने जात नाही. साखरेच्या डब्यात लवंगा टाकण्यापेक्षा घट्ट झाकणाचा डबा घेतलेला बरा. रवा खाऊन मुंगीचं पोट फुगतं आणि ती मरते, ही तर निव्वळ कथा. पूर्ण वाढ झालेल्या मुंगीला घन पदार्थ गिळताच येत नाही, ती कण घरी नेते आणि अळ्या ते पचवतात.

मुंग्यांचा खडू हा मात्र आजीचा उपाय नव्हे, त्यात कीटकनाशक असतं. पाटीवरच्या पेन्सिलीसारखा दिसतो म्हणून मुलांच्या हाती लागतो, आणि ओट्यावर जिथे पोळी लाटायची तिथे त्याची रेघ ओढणं मला तरी पटत नाही.

एक जुनी युक्ती मात्र अजून पहिल्या नंबरची: पाण्याने भरलेल्या ताटलीत भांडं ठेवणं, किंवा जाळीच्या कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या. पाण्यात लिक्विडचा एक थेंब टाका म्हणजे मुंगी पृष्ठभागावर तरंगून पलीकडे जात नाही. आणि हे पाणी आठवड्यातून किमान एकदा ओतून, वाटी घासून बदला. डेंग्यूचा डास घरातल्या अशाच साठलेल्या पाण्यात अंडी घालतो.

साखरेत आधीच मुंग्या शिरल्या असतील तर साखर ताटात पसरून कडक उन्हात ठेवा, त्या आपणहून निघून जातात.

परत का येतात?

पहिलं कारण पाऊस. जूनच्या पहिल्या सरींनी जमिनीतली घरं भिजली की मुंग्या कोरड्या जागेत चढतात, अंडी तोंडात धरून भिंतीवरून जाणारी रांग तेव्हाच दिसते. फटी बुजवायचं काम म्हणून मे महिन्यात उरका. याच दिवसांत संध्याकाळी दिव्याभोवती पंखवाले किडे येतात, ते मुंग्यांचे आहेत की वाळवीचे हे जरूर बघा. मुंगीची कंबर बारीक आणि पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे. वाळवीची कंबर जाड आणि चारही पंख सारख्या लांबीचे. घरात गळून पडलेल्या सारख्या पंखांचा खच दिसला तर वरचा एकही उपाय कामाचा नाही, वाळवीवाल्यालाच बोलवा.

दुसरं कारण बाल्कनी, आणि तिकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही. जास्वंदीच्या कोवळ्या शेंड्यांवर मुंग्या चढताना दिसल्या तर पानं उलटून पाहा. खाली मावा किंवा पांढरे कापसासारखे पिठ्या ढेकूण असतात. ते झाडाचा रस पिऊन गोड चिकट द्रव टाकतात आणि मुंग्या त्यासाठी त्यांची राखण करतात. तो साखर कारखाना चालू असेपर्यंत स्वयंपाकघर कितीही पुसा, मुंग्या येतच राहणार. जोरदार पाण्याच्या धारेने कीड धुऊन काढा, लिटरभर पाण्यात 5 मिली नीम तेल आणि थोडं लिक्विड घालून संध्याकाळी फवारा, आठवड्याने पुन्हा. खिडकीच्या गजांना टेकलेल्या फांद्या छाटा.

मुंग्यांना साखर-पीठ घालायची ज्यांच्या घरी पद्धत आहे, त्यांनी ते सोसायटीच्या आवारातल्या झाडाखाली घालावं. उंबऱ्याशी घातलं तर निमंत्रण घरापर्यंत जातं.

बाथरूममध्ये लघवीच्या जागी मुंग्या जमत असतील तर मात्र आमिष लावण्याआधी घरातल्या मोठ्यांची रक्तातली साखर तपासून घ्या.

लाल मुंगी डसली तर जागा साबणाने धुऊन बर्फाने शेका. ओठ-चेहरा सुजला, अंगभर गांधी उठल्या किंवा श्वास लागला तर ताबडतोब दवाखाना. अंगणातलं लाल मुंग्यांचं वारूळ झाडांच्या मुळांपासून दूर असेल तर सकाळी लवकर उकळतं पाणी ओतता येतं, बूट घालून. एकदा ओतून काम होत नाही, काही दिवसांनी पुन्हा ओतावं लागतं. डोंगळ्यांचं वारूळ बाहेर झाडाशी असेल तर त्याला हात लावायची गरज नाही, आत यायच्या फटी बंद केल्या की पुरे.

महिनाभर आमिष देऊनही रांग थांबली नाही तर व्यावसायिक माणूस बोलवा, पण फोनवरच विचारा: मुंग्यांसाठी जेल लावणार की फवारणी करणार? "सगळं फवारून देतो" असं उत्तर आलं तर दुसरा नंबर लावा. फ्लॅटमध्ये राहत असाल तर वरच्या आणि शेजारच्या घरी चौकशी करा. पाइपच्या डक्टमधून एकच वसाहत तीन-चार घरांत जेवत असते, आणि तेव्हा आमिष सगळ्यांनी एकाच वेळी लावावं लागतं.