प्रिमरोज थंडीने मरत नाही : लागवडीतील या चुका टाळा

थंडी सोसणाऱ्या प्रिमरोजची, म्हणजे प्रिम्युला वंशातील फुलझाडांची, रोपे एका वसंतात भरभरून फुलतात आणि पुढच्या वर्षी दिसेनाशी होतात, तेव्हा दोष बहुधा हिवाळ्याला दिला जातो. हा निष्कर्ष सहसा चुकीचा असतो. युरोपातील रानांत व कुंपणांच्या कडेने उगवणारी प्रिम्युला व्हल्गॅरिस, मोकळ्या कुरणांत वाढणारी प्रिम्युला वेरिस आणि हिमालयातील, गोल गुच्छांची प्रिम्युला डेंटिक्युलाटा या तिन्ही जाती गोठणबिंदूच्या बऱ्याच खालचे तापमान सहन करतात. त्यांचा घात होतो तो उन्हाळ्यात कोरड्या पडलेल्या मातीमुळे, हिवाळ्यात मुळांशी साचलेल्या पाण्यामुळे आणि वर्षानुवर्षे न फोडलेल्या दाट झुपक्यामुळे.

रोप विकत घेताना ते कोणत्या जातीचे आहे हे आधी पाहावे. प्रिम्युला ऑब्कॉनिका आणि प्रिम्युला मॅलॅकॉइडिस या जाती दिसायला मोहक असल्या, तरी त्यांना कडाक्याची थंडी सोसत नाही; शिवाय ऑब्कॉनिकाच्या जुन्या वाणांच्या पानांवरील केसांत प्रिमिन नावाचे द्रव्य असते, ज्यामुळे काहींच्या त्वचेवर पुरळ उठते. थंडी सोसणाऱ्या जातीचे रोपसुद्धा काचगृहात उबेत वाढवून फुलवलेले असेल, तर ते थेट बर्फाळ हवेत नेऊन लावू नये. आठवडा-दहा दिवस दिवसा बाहेर आणि रात्री आडोशाला ठेवून त्याला हळूहळू सवय लावावी.

जागेच्या निवडीत सर्वाधिक चुका होतात. पानझडी वृक्षांखालची जागा सामान्य प्रिमरोजला (प्रिम्युला व्हल्गॅरिसला) उत्तम, कारण फुलण्याच्या काळात फांद्या उघड्या असल्याने ऊन मिळते आणि उन्हाळ्यात पानांची सावली पडते. मात्र वरवर मुळे पसरणाऱ्या मोठ्या झाडाच्या अगदी बुंध्याशी लावलेले रोप सावलीत असूनही पाण्यावाचून सुकते. सगळ्या प्रिम्युलांना एकच नियम लावणे हीदेखील मोठी चूक आहे : प्रिम्युला जॅपोनिका ओढ्याकाठच्या सतत ओल्या मातीत खुलते, तर डोंगराळ प्रदेशातील प्रिम्युला ऑरिक्युला तशा जागी कुजून जाते आणि तिला खडीमिश्रित, पटकन निचरा होणारी माती लागते.

लावताना पानांचा झुपका जिथून फुटतो तो गड्डा मातीच्या पातळीवरच राहिला पाहिजे. तो खोल पुरला गेला, तर हिवाळ्यातील ओलीने मऊ पडून तपकिरी होतो आणि सडतो. उंच राहिला, तर मुळे उघडी पडतात. नव्याने लावलेली रोपे कधी कधी माती गोठून फुगल्यामुळे वर उचलली जातात, म्हणून गोठण संपताच ती हलक्या हाताने पुन्हा दाबून बसवावीत. पालापाचोळ्याच्या कुजलेल्या खताचे आच्छादन मातीची ओल टिकवते, परंतु ते गड्ड्यावर ओतू नये. नत्रयुक्त खताचा अतिरेक झाला की पाने माजतात आणि फुले घटतात.

उन्हाळ्यात पाने पिवळी पडून झुपका आक्रसला, म्हणजे रोप मेले असे समजून ते उपटू नये. उष्णता वाढली की अनेक रोपे वाढ थांबवतात आणि हवा थंडावल्यावर पुन्हा पालवतात. या काळात माती पूर्ण कोरडी पडू देऊ नये, एवढेच काम असते. पानांवर बारीक फिकट ठिपके आणि खालच्या बाजूस जाळी दिसली, तर ती लाल कोळी नावाची बारीक कीड असते, आणि कोरडी, तापलेली जागा तिला फार मानवते.

फुले दरवर्षी कमी होत असतील, तर खत वाढवण्यापूर्वी झुपका तपासावा. प्रिमरोजचे जुने खोड लाकडासारखे टणक होऊन हळूहळू मातीबाहेर येते, नवी मुळे उघड्यावर फुटतात आणि मधल्या भागाला अन्न पुरत नाही. याकरिता दर दोन-तीन वर्षांनी, फुले ओसरताच, संपूर्ण झुपका खणून काढावा, मुळांवरील माती झाडावी आणि तो हातांनी सोडवावा. प्रत्येक तुकड्याला स्वतःचा कोंब व ताजी तंतुमुळे असावीत. मधले जुने खोड निःसंकोच टाकून द्यावे. मोठी पाने अर्धी छाटून तुकडे २० ते ३० सेंटिमीटर अंतरावर लावावेत आणि मुळे धरेपर्यंत पाण्यात खंड पडू देऊ नये. एवढे एकच काम वेळेवर झाले, तर निम्म्याहून अधिक तक्रारी उद्भवतच नाहीत, असे माझे ठाम मत आहे.

माती ओलसर असूनही रोप मलूल झाले आणि हलकेच ओढताच मुळांशिवाय हातात आले, तर व्हाइन वीव्हिल या सोंडकिड्याचा संशय घ्यावा. त्याच्या पांढऱ्या, बिनपायांच्या, तपकिरी डोक्याच्या वाकड्या अळ्या मातीत राहून मुळे फस्त करतात; प्रौढ किडे रात्री पानांच्या कडा कुरतडतात, त्यामुळे कडांवरच्या खाचा हा आधीच मिळणारा इशारा असतो. अशा वेळी आणखी पाणी घालत राहणे व्यर्थ आहे. रोप उपटून अळ्या वेचाव्यात, वाचलेला कोंब नव्या मातीत लावावा आणि उन्हाळ्याच्या अखेरीस, जमीन उबदार व ओलसर असताना, या अळ्यांवर जगणारे सूत्रकृमी (अतिसूक्ष्म जंत) पाण्यातून सोडावेत.

बियांपासून रोपे करणाऱ्यांची निराशा बहुधा दोन कारणांनी होते. ही बियाणी उगवायला प्रकाश लागतो, तरीही ती मातीखाली गाडली जातात; आणि २० अंश सेल्सियसच्या वर उगवण मंदावते, तरीही ट्रे उबेत ठेवला जातो. ताजे बी पृष्ठभागावर पेरून थंड, सावलीच्या जागी ठेवावे. जुन्या बियाला आधी काही आठवडे शीतकपाटातील ओलसर गारवा द्यावा. घरच्या रोपावर बी धरतच नसेल, तर फुलांच्या मध्यभागी पाहावे : काही रोपांत कुक्षी (पराग स्वीकारणारे टोक) वर आणि परागकोश (पराग तयार करणारा भाग) खाली असतात, काहींत याच्या उलट, आणि या दोन प्रकारांमध्ये परागण झाल्यावरच बी चांगले भरते. एकाच झुपक्याच्या तुकड्यांनी भरलेल्या वाफ्यात दुसऱ्या प्रकारचे एखादे रोप आणून लावावे.