बांगडीचे माप कसे काढावे : परिघावरून व्यास आणि त्रिज्या

बांगड्यांच्या दुकानात ‘दोन-चार’, ‘दोन-सहा’, ‘दोन-आठ’ अशी मापे सांगितली जातात. ही बांगडीच्या आतल्या व्यासाची इंचांतली मापे असून दुसरा आकडा इंचाचे सोळावे भाग दाखवतो. त्यामुळे दोन-चार म्हणजे सव्वादोन इंच आणि दोन-आठ म्हणजे अडीच इंच. दोन-चार हे माप दशांशात २.४ इंच समजले, तर बांगडी जवळजवळ ४ मिलिमीटर मोठी येते.

वर्तुळाच्या मध्यातून जाऊन दोन्ही कडांना टेकणारी रेषा म्हणजे व्यास, त्याच्या निम्मी त्रिज्या, आणि व्यासाला पायने, म्हणजे सुमारे ३.१४ ने, गुणले की परीघ मिळतो. बांगडीचा मध्य मात्र कुठेच खुणावलेला नसतो आणि पट्टी मध्यावरून जराशी सरकली तरी व्यास कमी भरतो. म्हणून आधी परीघ मोजून त्यावरून व्यास काढणे मला अधिक भरवशाचे वाटते. परिघात १ मिलिमीटर चूक झाली, तर भागाकारानंतर व्यासात ती जेमतेम ०.३ मिलिमीटर उरते. व्यास मोजताना झालेली चूक मात्र गुणाकाराने परिघात तिपटीहून अधिक वाढते.

हाताला नीट बसणारी, पूर्ण गोल बांगडी घ्यावी. न ताणला जाणारा दोरा तिच्या बाहेरच्या कडेवरून एकदाच फिरवून जिथे टोक भेटते तिथे खूण करावी, आणि दोरा सरळ करून पट्टीवर मोजावा. समजा, तो १९.८ सेंटिमीटर भरला. त्याला ७ ने गुणून २२ ने भागल्यास बाहेरचा व्यास ६.३ सेंटिमीटर येतो. आता बांगडीची जाडी मोजावी. ती ३ मिलिमीटर असेल, तर दोन्ही बाजूंची मिळून ०.६ सेंटिमीटर वजा करावी (एकाच बाजूची वजा करणे ही इथली नेहमीची चूक आहे). आतला व्यास ५.७ सेंटिमीटर, त्रिज्या २.८५ सेंटिमीटर आणि आतला परीघ सुमारे १७.९ सेंटिमीटर. व्यासाला २.५४ ने भागले की २.२४ इंच मिळतात, म्हणजे माप दोन-चार.

पायऐवजी बावीस सप्तमांश (२२/७) इथे पुरेसा आहे. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात ‘लीलावती’त हेच गुणोत्तर व्यवहारासाठी स्थूल म्हणून दिले आणि सूक्ष्म गणितासाठी ३९२७/१२५० सांगितले, आपल्या बांगडीच्या परिघात या दोहोंमुळे मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकाही फरक पडत नाही.

दोरा नसेल, तर पट्टीचे शून्य आतल्या कडेवर धरून दुसरे टोक हळूहळू फिरवावे आणि सर्वांत मोठे वाचन व्यास म्हणून घ्यावे.

बांगडी वाढवली असेल आणि हाती फक्त तुकडा असेल, तरी माप निघते. तुकडा कागदावर ठेवून आतल्या कडेने रेघ ओढावी, तिची दोन टोके सरळ रेषेने जोडावीत, आणि त्या रेषेच्या मध्यापासून कमानीपर्यंतची उंची काटकोनात मोजावी. रेषा ४.८ आणि उंची १.३ सेंटिमीटर असल्यास निम्म्या रेषेचा, म्हणजे २.४ चा, वर्ग ५.७६ होतो, त्याला उंचीच्या दुपटीने, २.६ ने, भागून उत्तरात निम्मी उंची ०.६५ मिळवली की त्रिज्या सुमारे २.८७ सेंटिमीटर येते. तिची दुप्पट करून इंचांत आणल्यास सुमारे २.२६ इंच मिळतात, म्हणजे हा तुकडाही दोन-चारच्याच बांगडीचा.