गेम स्टुडिओतला माणूस कॉलेजात आणायचाय? आधी पत्र

पुण्याच्या किंवा बंगळुरूच्या स्टुडिओतला कुणी नागपूरला यायला तयार झाला, की पहिलं काम एकच: त्याच्या कंपनीचं लेखी परवानगीपत्र. त्याचा होकार म्हणजे कंपनीचा होकार नव्हे. मागच्या वेळी आमच्याकडे हेच राहिलं. आदल्या रात्री पाहुण्याला अर्ध्या स्लाइड्स काढाव्या लागल्या आणि मुलांच्या हाती गेम इंजिनची, म्हणजे गेम बनवायच्या सॉफ्टवेअरची, ओळख तेवढी पडली, जी त्यांना यूट्यूबवरही मिळते.

परवानगीला वेळ लागतो. स्टुडिओ गेम बनवत असला तरी पैसा बहुतेकदा प्रकाशकाचा असतो, आणि कन्सोलचं (प्लेस्टेशनसारख्या गेमयंत्राचं) डेव्हलपमेंट किट, म्हणजे त्यावर गेम बनवायची सामग्री, तर गोपनीयतेच्या करारावरच मिळतं. बाजारात न आलेल्या गेमचा एक स्क्रीनशॉट दाखवायचा तरी दोन-तीन ठिकाणांहून हो यावं लागतं. सहा आठवडे हातात ठेवा. पत्रात काय हवं ते तुम्हीच लिहून पाठवा: कोणत्या गेमचं काय दाखवणार, रेकॉर्डिंग चालेल का, फोटो कॉलेजच्या इन्स्टावर टाकायचे का, आणि हा माणूस पुढे मुलांच्या प्रोजेक्टला मार्गदर्शन करू शकेल का. शेवटचा प्रश्न गाळू नका. नोकरीच्या करारात बऱ्याचदा असं कलम असतं, की कर्मचाऱ्यानं बनवलेलं कंपनीचं. त्यानं मुलांच्या गेममध्ये चार ओळी कोड लिहिला, की तो गेम कुणाचा हा वाद उभा राहतो. त्यानं पाहावं, बोलावं, कीबोर्डला हात लावू नये.

तारीख. डिसेंबर नकोच: अधिवेशन असतं, हॉटेलं भरलेली, सिव्हिल लाइन्सला बंदोबस्त, त्यात विद्यापीठाच्या हिवाळी परीक्षा. एप्रिल-मे तर विचारूच नका. जानेवारीचा शेवट उत्तम, कारण 2009 पासून ग्लोबल गेम जॅम, म्हणजे जगभर एकाच सुमारास थोडक्या वेळात गेम बनवायचा उपक्रम, साधारण तेव्हाच होतो; पाहुणा दोन दिवस थांबला तर मुलांचं काम घडताना पाहतो. भाषणापेक्षा ते कितीतरी मोलाचं.

नुसता प्रोग्रॅमर बोलावू नका. टेस्टर, साउंडवाला, प्रोड्यूसर यांच्यापैकी कुणी आणा, कारण आपल्या मुलांना गेम म्हणजे कोडिंगच वाटतं. शासकीय चित्रकला महाविद्यालयातली मुलंही त्याच खोलीत बसवा. इंजिनिअरिंगच्या मुलाला ॲनिमेशन करणारा जोडीदार आपल्याच शहरात असतो, फक्त दोघांची गाठ पडत नाही, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

लॅब. प्रोजेक्टर, स्पीकर तुम्ही पाहालच. पण पीसींना ग्राफिक्स कार्ड नसेल तर अनरियलसारखं जड इंजिन उघडून बसू नका. गोडो हे इंजिन फुकट आहे, हलकं आहे, तेच टाका, तेही आधी. ॲडमिन पासवर्ड ज्या लॅब असिस्टंटकडे आहे त्याला रविवारी यायला आत्ताच सांगा. मुलांचे बिल्ड (गेमच्या चालू होणाऱ्या प्रती) पाहुण्याला आठवडाभर आधी पाठवा. (आणि पत्र आलं का? नसेल तर पुढचं थांबवा, आज फोन करा.)

संबंध टिकवायचा तर एक प्राध्यापक नेमा. विद्यार्थी प्रतिनिधी नको, तो पास होऊन जातो. यूजीसीच्या 2022 च्या मार्गदर्शक तत्त्वांत ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची सोय आहे: पीएचडी लागत नाही, पण 15 वर्षांचा अनुभव अपेक्षित आणि मंजूर पदांच्या 10 टक्क्यांची मर्यादा. सहा-सात वर्षं काम केलेला डेव्हलपर त्यात बसत नाही; त्याला तासिका तत्त्वावर घ्या. त्यासाठीही कंपनीचं पत्र लागतं, आणि पहिलं चालत नाही, नवं घ्या.

तिकीट, स्टेशनवर गाडी, जेवण, प्रमाणपत्रं. सत्कार पाच मिनिटांत उरका. मानधनाचं बिल त्याच आठवड्यात अकाउंट्सला द्या, पॅन नंबरसकट. मार्च उलटला की ते पुढच्या वर्षात जातं.