लहानशी मदत वेळेवर आणि नेमकी कशी करावी

मदत करण्याची इच्छा बहुतेकांच्या मनात असते. ती कृतीत उतरण्याआधीच विरते, कारण ‘कोणीतरी करीलच’ असा समज आड येतो किंवा ‘आपण मध्ये पडलेले आवडेल का’ असा संकोच वाटतो. या दोन्ही अडचणींवर आधीच उपाय ठरवून ठेवावा.

पहिल्या अडचणीचा अभ्यास जॉन डार्ली आणि बिब लाताने या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी केला. १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात स्वतंत्र खोल्यांत बसून इंटरकॉमवर बोलणाऱ्या विद्यार्थ्यांना, पलीकडच्या एका सहभागीला अपस्माराचा (फिटचा) झटका आल्याचे ऐकवण्यात आले. ऐकणारे आपण एकटेच आहोत असे ज्यांना वाटत होते, त्यांपैकी ८५ टक्के जण झटका थांबण्यापूर्वीच मदतीसाठी उठले. आणखी चौघे ऐकत आहेत अशी ज्यांची समजूत होती, त्यांच्यापैकी केवळ ३१ टक्के उठले. जे उठले नाहीत ते बेफिकीर नव्हते. त्यांच्यातल्या अनेकांचे हात थरथरत होते. म्हणून गर्दीत कोणी कोसळले तर ‘कोणीतरी रुग्णवाहिका बोलवा’ असे ओरडण्याऐवजी एकाच माणसाकडे पाहून ‘निळ्या शर्टातले तुम्ही, रुग्णवाहिकेला फोन करा आणि मला येऊन सांगा’ असे म्हणावे. प्रथमोपचाराच्या प्रशिक्षणातही हेच शिकवले जाते.

हाच नियम किरकोळ बाबींनाही लागू होतो. सामायिक जिन्यातला दिवा बंद पडला की येणारा-जाणारा प्रत्येक जण तक्रार आधीच झाली असेल असे धरून चालतो आणि अंधार तसाच राहतो. तक्रार झालेली नाही असे गृहीत धरून ती आपण करावी; काय बिघडले आहे, नेमके कोठे आणि केव्हापासून, हे तीन तपशील द्यावेत आणि आपण कळवल्याचे इतरांनाही सांगावे. फार तर तीच तक्रार दोनदा होईल, आणि त्यात कोणाचेही नुकसान नाही.

घाई हा आणखी एक अडथळा आहे, आणि माझ्या मते तो सर्वांत कमी ओळखला जातो. डार्ली आणि डॅनियल बॅट्सन यांनी १९७३ मध्ये प्रिन्स्टन येथील धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांवरील एक प्रयोग प्रसिद्ध केला. भाषण देण्यासाठी दुसऱ्या इमारतीकडे निघालेल्या या विद्यार्थ्यांच्या वाटेत एक माणूस दारापाशी कण्हत बसलेला होता. वेळ हाताशी असलेल्यांपैकी ६३ टक्के त्याच्यासाठी थांबले, तर उशीर झाल्याचे सांगितलेल्यांपैकी अवघे १० टक्के. (त्यांतल्या काहींना वाटेत पडलेल्या जखमी परक्याला मदत करणाऱ्याच्या बायबलमधील दृष्टान्तावरच बोलायचे होते!) तेव्हा घरून थोडे लवकर निघणे, ही मदतीची पहिली तयारी समजावी.

आजारी किंवा दुःखात असलेल्या माणसाला आपण सहसा ‘काही लागले तर सांगा’ असे म्हणतो. हे म्हणणे मनापासूनचे असते, तरीही काय लागेल याचा विचार करण्याचे आणि ते मागण्याचे ओझे त्याच्यावरच पडते. त्याऐवजी ‘उद्या संध्याकाळी मी बाजारात जाणार आहे, तुमची औषधे आणू का?’ असे विचारावे. प्रस्ताव नेमका, लहान आणि सहज नाकारता येण्याजोगा असावा. उत्तर ‘नको’ असे आले तर ते मुकाट्याने स्वीकारावे. आग्रह धरला की मदत घेणाऱ्यालाच आपली समजूत काढावी लागते.

प्रत्यक्ष करण्यासारखे काही नसेल, तर दोन ओळी लिहाव्यात. जेरोम मोटो या मानसोपचारतज्ज्ञांनी सॅन फ्रान्सिस्को येथे, नैराश्यामुळे किंवा आत्महत्येच्या विचारांमुळे रुग्णालयात राहून गेलेल्या आणि पुढील उपचार नाकारलेल्या काही व्यक्तींना पाच वर्षांत २४ छोटी पत्रे पाठवण्याचा उपक्रम केला. आपण बरे असाल अशी आशा आहे, लिहावेसे वाटले तर आनंदच होईल, एवढाच त्यांतला आशय होता. उपचाराचा आग्रह नव्हता. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, पत्रे न मिळालेल्या तशाच व्यक्तींच्या तुलनेत पहिल्या दोन वर्षांत या गटातील आत्महत्यांचे प्रमाण कमी होते. अर्थात कोणाच्या जिवाला धोका दिसत असेल तर पत्रावर न थांबता तातडीची वैद्यकीय मदत मिळवून द्यावी. एरवीच्या निरोपासाठी मात्र मोटो यांची रीत उपयोगी आहे: मजकूर थोडका ठेवावा, सल्ला देऊ नये, ‘उत्तराची घाई नाही’ असे स्पष्ट लिहावे आणि उत्तर आले नाही तरी काही दिवसांनी पुन्हा लिहावे. पहिल्या आठवड्यात विचारपूस करणारे पुष्कळ असतात, म्हणून पुढच्या दोन-तीन महिन्यांतल्या तारखा आजच दिनदर्शिकेत नोंदवून ठेवाव्यात.