लोकसहभागातून शहरात हरितमार्ग कसा उभारावा

सावलीतून सलग चालता किंवा सायकल चालवता येईल आणि वस्त्या, शाळा, उद्याने व बसथांबे एकमेकांना जोडले जातील अशा पट्ट्याला हरितमार्ग म्हणता येईल. त्यासाठी नवी जमीन क्वचितच मिळते. बंद पडलेला लोहमार्ग, नाल्याचा काठ किंवा जुना कालवा अशा दुर्लक्षित जागांमधूनच तो बहुधा आकाराला येतो. न्यूयॉर्कमधील हाय लाइन या उन्नत लोहमार्गावरील वाहतूक १९८० मध्ये थांबली, तो पाडला जाऊ नये म्हणून १९९९ मध्ये परिसरातील रहिवाशांनी संस्था स्थापन केली आणि पहिला टप्पा लोकांसाठी खुला झाला तो २००९ मध्ये. इतका काळ टिकून राहील असा गट बांधता येत असेल, तरच या कामाला हात घालावा.

सुरुवातीला संपूर्ण पट्टा सकाळी, भर दुपारी आणि अंधार पडल्यावर पायी फिरून पाहावा. सांडपाणी कोठे मिसळते, पावसाचे पाणी कोठे तुंबते, दिवे कोठे नाहीत, हे सारे नकाशावर नोंदवावे. लोकांच्या पायांनी पडलेल्या वाटा तर आवर्जून टिपाव्यात, कारण आखणी त्यांना सोडून केली तर लोक नवा मार्ग सोडून जुन्या वाटेनेच जातात. त्या जागेवर राहणारे किंवा पोट भरणारे जे कोणी असतील, त्यांच्याशी आराखडा काढण्यापूर्वीच बोलणे झाले पाहिजे. त्यांना हटवून केलेल्या मार्गाला लोकसहभागाचा म्हणता येणार नाही.

त्यानंतर मालकीचा प्रश्न येतो. एकाच पट्ट्याचे तुकडे रेल्वे, नगर प्रशासन, पाणीपुरवठा विभाग आणि खासगी मालक अशा अनेकांच्या ताब्यात असू शकतात. प्रत्येकाशी लेखी करार करावा आणि त्यात मुदत, झाडलोट, विजेचे बिल, दुरुस्ती आणि अपघाताची जबाबदारी यांचा स्पष्ट उल्लेख असावा. हा करार हाती येईपर्यंत एकही खड्डा खणू नये, असे माझे ठाम मत आहे, कारण परवानगीविना लावलेले झाड पुढच्या कोणत्याही खोदकामात सहज जाते आणि त्यासोबत लोकांचा विश्वासही जातो.

आखणी करताना सर्वाधिक लक्ष द्यावे लागते ते मार्ग वाहत्या रस्त्याला छेदतो त्या ठिकाणी. दोन्ही बाजूंना कितीही दाट सावली असली, तरी मधला रस्ता ओलांडण्याची भीती वाटत असेल, तर लहान मुले आणि वृद्ध पलीकडे जाणारच नाहीत; म्हणून रस्त्यापेक्षा किंचित उंच केलेला पादचारी पट्टा, वाहनांचा वेग कमी करणारी रचना किंवा सिग्नल यांचा खर्च झाडांच्या खर्चाआधी अंदाजपत्रकात धरावा. पादचारी आणि सायकलस्वार एकाच वाटेने जाणार असतील, तर सुमारे ३ मीटर रुंदी हवी. चढ शक्यतो १:२० इतका, म्हणजे २० मीटर अंतरात १ मीटर उंची इतका, सौम्य ठेवावा आणि रॅम्पही १:१२ पेक्षा तीव्र नसावेत, म्हणजे चाकाच्या खुर्चीला अडचण येत नाही.

जुन्या लोहमार्गालगतच्या मातीत तणनाशकांतील आर्सेनिक किंवा रुळांखालच्या लाकडी स्लीपरना ते कुजू नयेत म्हणून लावलेल्या क्रिओसोट या तेलकट रसायनाचे अंश असू शकतात, त्यामुळे लागवडीआधी माती तपासून घ्यावी. स्थानिक जातींची रोपे निवडावीत. खड्डा मुळांच्या गोळ्याइतकाच खोल, पण दुप्पट-तिप्पट रुंद घ्यावा आणि खोडाचा बुंधा, म्हणजे जेथून मुळे फुटतात तो भाग, जमिनीच्या पातळीला राहील असे पाहावे. आळ्यात पालापाचोळ्याचे ५ ते १० सेंटीमीटर आच्छादन पसरावे, मात्र ते खोडाला टेकू देऊ नये, कारण साल ओली राहून कुजते.

किती रोपे लावायची हे पहिली दोन-तीन वर्षे कोरड्या हंगामात किती रोपांना नियमित पाणी देता येईल, यावरून ठरवावे. मार्गाचे छोटे भाग पाडून प्रत्येक भाग लगतच्या घरांकडे सोपवावा आणि प्रत्येक झाडाची नोंदवही ठेवावी. खोड स्वतःच्या बळावर उभे राहिले की आधाराची काठी व दोरी काढल्याची नोंदही त्यात असावी, कारण विसरलेली दोरी वाढत्या खोडात रुतते आणि झाडाचा गळा आवळते.