कोल्हापुरात नवे आलात? आधी तालीम धरा

थंडी सुरू झाली की दुपारनंतर ऑफिसातली पोरं कुठं गायब होतात, हा प्रश्न तुम्हाला पडला असेल तर उत्तर सोपं आहे. रावणेश्वराच्या देवळाशेजारी, राजर्षी शाहू स्टेडियमला. तिथं केएसएची, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची, फुटबॉल लीग चालू असते, आणि ती संपली की उन्हाळाभर या ना त्या चषकाचे सामने. इथं राहायचं आणि फुटबॉलमधलं काही कळत नाही म्हणायचं, हे फार दिवस चालत नाही. तेव्हा पाठीराखं कसं व्हायचं ते सांगते.

मी मूळची रत्नागिरीकडची. लग्न होऊन रविवार पेठेत आले आणि दिलबहारची, म्हणजे इथल्या तालमीच्या फुटबॉल संघाची, झाले. मला कुणी विचारलं नाही, मीही हरकत घेतली नाही. तुम्हाला निवडायची मुभा आहे, पण ती नावालाच. पाटाकडील, शिवाजी, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस, संध्यामठ, फुलेवाडी अशी बरीच नावं कानावर येतील. यातल्या कितीतरी संघांची मुळं कुस्तीच्या तालमीत आहेत. लाल मातीत अंग घुसळणाऱ्या पोरांच्याच गल्लीनं पुढं बॉल धरला. म्हणून संघ निवडताना नियम एकच: भाड्याची खोली ज्या तालमीच्या हद्दीत, ती आपली तालीम. लीगचा तक्ता बघून वरचा संघ धरणाऱ्याला इथं कुणी चहासुद्धा विचारत नाही. आणि एकदा धरला की सोडायचा नाही. खोली बदलली तरी तालीम बदलत नाही. आमच्या शेजारचं एक कुटुंब उपनगरात बंगला बांधून गेलं, पोरगा अजून मॅचला आमच्यातच येऊन बसतो.

मॅचला जाण्याआधी एकदोन सकाळी लवकर उठून मैदानावर सराव बघा. गांधी मैदानावर गेलात तरी चालेल. बॉलबरोबर कोण पळतोय हे बघणारे सगळेच असतात. तुम्ही बॉल नसताना कोण पळतोय ते बघा. खेळाडू आभाळातनं पडलेले नसतात, आपल्याच गल्लीतले असतात. कोण बँकेत चिकटलेला, कोण कॉलेजात, कोण वडिलांच्या दुकानात बसणारा. माझं शिलाईचं दुकान आहे. आमचा एक बचावपटू सरावाची ट्रॅकपँट दुरुस्तीला आणतो. दर वेळी डाव्या मांडीवरचं कापड विरलेलं, उजवी बाजू कोरी. आता मॅचमध्ये समोरचा विंगर बॉल घेऊन आला की हा कुठल्या बाजूनं घसरणार ते मला आधीच माहीत असतं. शेजारी बसलेल्या काकांना वाटतं, बाईला फुटबॉल लई कळतो.

आता झेंड्याचं. यावर मी अधिकारानं बोलू शकते. सॅटिन घेऊ नका. दिसतं झकास, पण वाऱ्यात काठीला गुंडाळून बसतं आणि शिवताना सुईखालून निसटतं. हलकं टेरिकॉट घ्या, दीड मीटर पुरे. कडेला दुमड घालून दुहेरी शिलाई मारा, कारण झेंडा नेहमी मोकळ्या टोकाकडून फाटत येतो. काठीच्या बाजूला रुंद नेफा ठेवा आणि त्यात प्लास्टिकचा पोकळ पाइप घाला. बांबू नेलात तर गेटवर पोलीस काढून घेतील आणि ते बरोबरच आहे. मी सगळ्या पेठांचे झेंडे शिवते. धंद्यात ईर्षा नाही. फक्त पाटाकडीलच्या पोरांकडून पैसे आधी घेते.

स्टेडियमच्या पायऱ्या दुपारी तव्यासारख्या तापतात. बसायला जुनं वर्तमानपत्र, डोक्याला टोपी, खिशात शेंगदाणे. बाटली नेऊच नका. आपल्या माणसांतच बसा, हलगीच्या जवळ. पहिल्या दोन मॅच ओरडू नका, नुसतं ऐका. हलगी कधी थांबते, कधी तडतडते, कॉर्नर मिळाला की सगळे कसे उभे राहतात, हे अंगात भिनायला वेळ लागतो. ‘घाल की आत!’ आणि ‘काढ, काढ!’ या दोन आरोळ्यांवर अख्खा हंगाम निघतो. रेफ्रीच्या आईबहिणीचा उद्धार करणारे भेटतील. तिथनं उठून दुसरीकडं बसायचं. मी सरळ मागं वळून बघते, बाई बसलीय म्हटल्यावर अर्धे गप्प होतात. उरलेल्या अर्ध्यांना त्यांची आई ओळखीची असल्याचं सांगते.

हे गमतीवारी नेऊ नका. इथं हुल्लडबाजीनं मॅच बंद पडल्यात, दगड-बाटल्या आत आल्यात, रिकाम्या स्टेडियमात सामने खेळवायची वेळ आलीय. पाठीराखा चुकतो आणि शिक्षा संघाला बसते. मग ज्या पोरानं आठवडाभर घाम गाळला तो घरी बसतो, तुमच्यामुळं. गेटबाहेर आलं की ईर्षा खिशात घालायची. मी दिलबहारची असले तरी माझ्या नणंदेचं सासर खंडोबाचं आहे. जिंकलो तर फोन करत नाही, हरलो तर तिचा उचलत नाही. दुसऱ्या दिवशी मात्र दोघी मिळून भाजीला जातो.

पेपरातली बातमी शेवटपर्यंत वाचायची सवय लावा. सामनावीर कुणालाही लक्षात राहतो. त्याच्याखाली ‘लढवय्या’ म्हणून एक नाव असतं, बऱ्याचदा हरलेल्या संघातलं. ते नाव लक्षात ठेवणाऱ्याला कट्ट्यावर मान मिळतो. अनिकेत जाधव याच गावचा. 2017 च्या 17 वर्षांखालच्या विश्वचषकात तो भारताकडून खेळला तेव्हा कुठल्या पेठेचा हा वाद थोडे दिवस बाजूला पडला होता.

विश्वचषकाच्या महिन्यात गोंधळून जाऊ नका. गल्लीगल्लीत मेस्सी आणि नेमारचे भलेमोठे कटआउट लागतात, एकाच घरात ब्राझील आणि अर्जेंटिना नांदतात. 18 डिसेंबर 2022 च्या रात्री अर्जेंटिनानं पेनल्टीवर फ्रान्सला हरवलं तेव्हा इथं रस्त्यावर फटाके वाजत होते. परदेशी संघ कुठलाही धरा, दर चार वर्षांनी बदललात तरी कुणी विचारणार नाही.

हंगामातली एक मॅच मात्र चुकवायची नाही, आणि ती फायनल नव्हे. फायनलला सगळं गाव येतं. आपला संघ बाहेर पडल्यावर उरलेली, निकालानं काही फरक न पडणारी जी मॅच असते, तिला जा. गर्दी नसते, हलगीवाला आलेला नसतो, खेळाडूंचं एकमेकांना ओरडणं वरपर्यंत ऐकू येतं. संपल्यावर पोरं गॅलरीकडं बघून हात करतात. त्या दिवशी कोण कोण आलं होतं हे त्यांच्या लक्षात राहतं, आणि पावसाळ्यात कोण कुठल्या संघाकडून सही करणार याची खबर तालमीच्या कट्ट्यावर तुम्हाला सगळ्यात आधी मिळते.