खोकडाचा फोटो: आधी वारा, मग कॅमेरा

खानदेशातल्या माळावर खोकड (इंडियन फॉक्स) टिपायचं म्हटलं की पहिला प्रश्न लेन्सचा. चारशे मिमी पुरते. शटर १/१००० सेकंदाच्या आसपास, सायलेंट मोड चालू, लेन्सखाली टेकू म्हणून बीनबॅग. कपडे मळखाऊ. हिरव्या पानांच्या छापाचं महागडं जॅकेट घेऊ नका. वाळल्या कुसळी गवतात ते लांबून उठून दिसतं.

प्राणी ओळखणं सोपं: कोल्ह्यापेक्षा बराच लहान, जेमतेम अडीच-तीन किलोचा, झुपकेदार शेपटीचं टोक काळं. बोरींच्या आसपास बोराच्या बिया असलेली विष्ठा दिसली की त्याची वाट सापडली.

घोळ होतो तो बसायच्या जागेत. "सूर्य पाठीशी ठेवा" हे सगळे सांगतात, मीही ऐकलं. एप्रिलमध्ये रोज संध्याकाळी पश्चिमेला बसायचो आणि रोज रिकामा परतायचो. शेवटी मेंढ्या चारणारे एक आबा हसून म्हणाले, "भाऊ, तुना वास येस त्याले."

खरंच होतं. उन्हाळ्यात आपल्याकडे वारा बहुतेक पश्चिमेचा. संध्याकाळी सूर्य पाठीशी घेतला की वाराही पाठीशी, म्हणजे घामाचा वास थेट त्याच्या नाकात. म्हणून उन्हाळ्यात पहाटे जा आणि पूर्वेला बसा: ऊन पाठीवर, वारा तोंडावर. थंडीत वारा बऱ्याचदा पूर्वेकडून असतो, तेव्हा हेच गणित उलटं, संध्याकाळ साधते. तरी बसण्याआधी चिमूटभर माती सोडून बघाच. टेकाडाच्या आडोशाला वारा वळतो. ऊन आणि वारा जुळत नसतील तर ऊन सोडा, वारा नाही.

उजाडण्याआधी बसा, हलू नका. नऊनंतर एप्रिलचा माळ लहरायला लागतो. त्या मृगजळातून कुठलीही लेन्स धारदार फोटो देत नाही.

बिळापाशी मात्र बसू नका. फेब्रुवारी ते एप्रिल पिल्लांचे दिवस. मी एकदा तीस पावलांवर बसलो, दुसऱ्या दिवशी बीळ रिकामं. आईने पिल्लं हलवली होती. तो फोटो मी कुणाला दाखवत नाही. बिळाचं लोकेशन ग्रुपवर टाकणाऱ्यांशी तर मी बोलतही नाही.

काम झालं तरी लगेच उठू नका. खोकड नजरेआड होऊ द्या, मग मोज्यातली कुसळं काढत बसा.